रुमालाखालची बोटं

मी बकऱ्यांच्या बाजारातला दलाल. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुठे माझा आवाज चढला तर तुम्ही समजून घ्याल. मरतुकड्या बोकडाला चार लोकांसमोर उभं करायचं आणि त्याच्या चालीत राजाचा रुबाब आहे असं बोलायचं, हा माझा धंदा. डोंगरकडा, हिंगोली, कनेरगाव नाका, जिथे बाजार तिथे मी. लिहिण्याचं काम माझी मुलगी करते आहे. मी बोलतो, ती उतरवते, आणि मधूनच थांबून म्हणते, "बाबा, हे असं झालं नव्हतं." मग ते खोडलं जातं. तेव्हा इथे जे उरलं आहे ते खरं धरायला हरकत नाही.

आज कुणी माझ्यासारखाच दवाखान्याच्या खाटेवर पडून वरच्या पंख्याकडे बघत असेल. त्याच्यासाठी आणि त्याच्या उशाशी बसलेल्या माणसासाठी हे सांगतो आहे.

धंद्यातली एक गोष्ट आधी कळायला हवी. आमच्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा हातात हात देतात, वरून रुमाल टाकतात, आणि बोटं धरून आकडा सांगतात. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, पंजा धरला तर पाच. पटलं तर हात घट्ट दाबायचा, नाही पटलं तर सोडायचा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आत काय ठरलं ते कुणाला कळत नाही. त्यामुळे शेतकऱ्याला जसा बैल, तसा मला माझा उजवा हात. तोच जायची वेळ आली होती.

दाढ

बोकडाला वरचे पुढचे दात नसतात. तो पुढून चावला तर माणूस हसतो. पण बोट गालातून मागे गेलं आणि दाढेखाली सापडलं, तर अडकित्त्यात सुपारी सापडल्यासारखं होतं.

त्या दिवशी डोंगरकड्याच्या बाजारात एका म्हातारीने बोकड आणला होता. चांगला चारदाती, म्हणजे ऐन वयातला, अंगाने भरलेला, पण मान वाकडी करून उभा. रवंथ करेना. गिऱ्हाईक म्हणालं, "आजारी जनावर हाय हे, नामाभाऊ."

"आजारी?" मी म्हणालो. "अहो, हा रुसलाय. याचं लग्न ठरवून याला कुणी सांगितलं न्हाई."

लोक हसले. लोक हसले की माझ्या अंगात येतं. मी बोकडाचं तोंड उघडलं, दोन बोटं गालात घातली, पार मागे, आणि दाढेजवळ रुतलेला बाभळीचा काटा शोधून काढला. उजव्या हाताची बोटं आतच ठेवून डाव्या हाताने तो उपटला आणि वर धरून सगळ्यांना दाखवला. लोकांनी वाहवा केली, आणि त्याच वेळी बोकडाने तोंड मिटलं.

तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही. कळ पार काखेपर्यंत गेली. माझे भागीदार युसूफभाई धावत आले. जनावरांच्या जखमेवर टाकतात ते औषध त्यांच्या पिशवीत नेहमी असतं, ते त्यांनी माझ्या हातावर ओतलं आणि खिशातला रुमाल बांधला. त्याच रक्ताळलेल्या रुमालाखाली मी त्या बोकडाचा सौदा पुरा केला. म्हातारी खूश, गिऱ्हाईक खूश. मी तर इतका खूश होतो की घरी जाईपर्यंत चौघांना हा किस्सा सांगून झाला होता.

दुकानातून गोळ्या आणल्या. सूज उतरली तशा थांबवल्या. उरलेल्या युसूफभाईंना दिल्या, त्यांची दाढ दुखत होती. आमच्या बाजारात गोळ्या तंबाखूसारख्या फिरतात, एकाने मळली की चौघं चिमूट घेतात. हात पुन्हा सुजला तेव्हा तिसऱ्या कुणाकडून दुसऱ्या रंगाच्या आल्या. त्यांनीही थोडं बरं वाटलं. मग एक दिवस सकाळी उठलो तर हात भाकरीसारखा फुगलेला, मनगटापासून वर एक लाल रेघ निघालेली, आणि थंडी अशी की वैशाखात मी घोंगडं मागितलं.

बायको, कौसा, उठून जवळ आली. तिने रेघेकडे पाहिलं, पायात चपला घातल्या आणि रिक्षा बोलावली.

हसल्या नाहीत

हिंगोलीतल्या डॉक्टर मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी त्याच दिवशी हाताला चिरा देऊन पू काढला, सलाईन लावली, इंजेक्शनं सुरू केली, आणि पू तपासायला नांदेडला पाठवला. रिपोर्ट यायला काही दिवस लागतात म्हणाल्या. तेवढ्या दिवसांत ताप उतरला नाही. तर्जनीचं टोक आधी निळं झालं, मग काळपट.

रिपोर्ट आला त्या दिवशी मॅडम खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. डॉक्टर उभ्याने बोलला तर चिंता नसते. तो बसला की समजावं.

"काका, जरा शांत ऐका."

"शांतच आहे मॅडम, पळू कुठं? तुमीच सलाईननं बांधून ठिवलंय."

त्या हसल्या नाहीत. मला खरी भीती तिथे वाटली. माझ्या विनोदाला न हसलेली माणसं मी बाजारात पुष्कळ पाहिली आहेत, पण ती भाव पाडण्यासाठी हसत नाहीत. मॅडमना काही विकत घ्यायचं नव्हतं.

"तुमच्या जखमेतल्या जंतूंवर बहुतेक औषधं चालत नाहीत," त्या म्हणाल्या. "एक राहिलंय. ते आम्ही सहसा काढत नाही. त्याने किडनीला त्रास होऊ शकतो. पण आता तेच द्यावं लागेल."

"लई दांडगे जंतू हायेत म्हणा."

"दांडगे नाहीत. साधेच आहेत. पण औषधाची तोड शिकलेत."

"कुठं शिकले?"

"एकमेकांकडून."

माझं तोंड उघडंच राहिलं असावं, कारण मॅडमनी कागद घेतला आणि दोन लंबगोल काढले. म्हणाल्या, हे दोन जंतू. एकाच्या पोटात हे छोटंसं कडं. त्या कड्यात औषधाला निकामी कसं करायचं, ती कृती लिहिलेली असते. तिला जनुक म्हणतात. हा जंतू दुसऱ्याच्या जवळ येतो, त्याच्या अंगातून बारीक नळी निघते, ती दुसऱ्याला चिकटते, त्याला जवळ ओढते, आणि कड्याची एक प्रत गुपचूप पलीकडे जाते. आता दोघांनाही कृती येते. मग हे दोघं आणखी दोघांना देतात.

मी उशीशेजारचा नॅपकिन उचलला, डावा हात पुढे केला आणि वरून नॅपकिन टाकला. "असं?"

मॅडमनी नॅपकिनकडे पाहिलं. त्या मूळच्या वाशिमकडच्या, बाजार पाहिलेल्या. आता मात्र थोडं हसल्या. "असंच. फक्त इथे देणाऱ्याचं काही जात नाही. त्याच्याकडचं त्याच्याकडे राहतं."

"आन् नात्यातल्यांनाच देतात?"

"हीच तर गोम आहे. नातं लागत नाही. बोकडाच्या तोंडातला जंतू वेगळ्या जातीचा, तुमच्या कातडीवरचा वेगळा, पोटातला आणखी वेगळा. एका जखमेत एकत्र आले की देतात एकमेकांना. बोकडाला आजवर काय काय टोचलं असेल, तुम्ही काय काय गोळ्या घेतल्या असतील. औषध आलं की साधे जंतू मरतात आणि कृती येणारे उरतात. मग देणारे तेच, घेणारेही तेच. कधी कधी एकाच कड्यात पाच-पाच औषधांची तोड असते."

"म्हणजे जोडीनं विकत न्हाईत, कळपच देऊन टाकतात."

"आणि दलालसुद्धा असतात," मॅडम म्हणाल्या. माझी कळी खुलतेय हे बघून त्याही रंगल्या असाव्यात. "विषाणू. तो जंतूत शिरतो, आत आपली पिल्लं काढतो, आणि निघताना चुकून जंतूचाच एखादा तुकडा पाठीवर टाकून दुसऱ्या जंतूकडे नेतो."

"कमिशन?"

"ज्याच्या घरून निघाला त्याचा जीव."

मी युसूफभाईंकडे पाहिलं. ते दारात उभे होते. "या अल्ला," ते म्हणाले, "अपन तो फिर भी चाय पे राजी हो जाते."

कौसा उशाशी बसली होती. तिने विचारलं, "पर बाई, परक्याचा तुकडा त्येच्या अंगात टिकतो कसा?" मॅडमनी सांगितलं, काही वेळा तो नुसता सोबत राहतो, पण काही वेळा जंतू आपल्या मूळ धाग्यातला तुकडा काढतो आणि त्या जागी नवा बसवतो. पुढे त्याच्या लेकरांना तो जन्मतःच मिळतो.

"गोधडीवाणी," कौसा म्हणाली. "लुगडं कुणाचं का असंना. एकदा आत शिवलं की ते गोधडीचंच."

मॅडमनी मान हलवली. मग त्या उठल्या, माझ्या बोटांवरची पट्टी सोडून बराच वेळ पाहत राहिल्या आणि जाताना म्हणाल्या, "उद्या घरच्यांना बोलवा."

 

रबराचा हात

मला वेगळ्या खोलीत हलवलं. दारावर पाटी लागली. आत येणाऱ्याने हातमोजे घालायचे, वरून झगा घालायचा, बाहेर जाताना दोन्ही काढून पिवळ्या डब्यात टाकायचे, हात धुवायचे. माझे जंतू शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या जंतूंना भेटू नयेत म्हणून. माणूस सुधारला म्हणून त्याला वेगळी खोली मिळते असं ऐकलं होतं. मला माझ्या जंतूंच्या शिक्षणामुळे मिळाली.

दिवस ठरलेला. पहाटे सिस्टर रक्त काढायच्या, किडनी कशी आहे ते बघायला. मग पट्टी. पट्टी बदलणं मी कधी विसरणार नाही. पण आमच्या सिस्टर आधी कोमट पाण्याने चिकटपट्टी ओली करायच्या, दोन मिनिटं थांबायच्या आणि मग हळू सोडायच्या. ती दोन मिनिटं त्यांना कुणी सांगितली नव्हती. मोठ्या आजारात अशा लहान गोष्टींवर माणूस दिवस काढतो.

जेवणाचं अवघड होतं. उजवा हात बांधलेला, डाव्याने खाणं आमच्याकडे बरं समजत नाहीत. कौसा भरवायची, हातात मोजे घालून. लग्न झाल्यापासून तिने मला एकदाही भरवलं नव्हतं, आणि भरवलं ते असं, वरणभाताला रबराचा वास. मी म्हणालो, "लग्नात घास द्यायला लाजलीस, आता बघ."

"तवा तुमी बोट चावाल म्हणून भीती होती," ती म्हणाली. "खा गप."

पण खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त लाज जेवणाची नाही, संडासाची वाटली. त्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. मोठा गडी माणूस, बाजारात ज्याच्या आवाजाने बकऱ्या वळतात, तो बायकोला आणि वॉर्डातल्या मावशींना सांगतो की मला धुवायला मदत करा. पहिल्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून रडलो. मावशी म्हणाल्या, "काका, एवढं मोठं लेकरू धुवायची मलाबी सवय न्हाई, पर होतीया." त्या दिवसानंतर जमलं.

बाजाराच्या दिवशी युसूफभाईंचा फोन यायचा. कौसा फोन माझ्या कानाशी धरायची. ते काही बोलायचे नाहीत, नुसता फोन बकऱ्यांच्या तोंडापुढे धरायचे. मी डोळे मिटून ऐकायचो. कोणती शेळी व्यायला झालीय, कोणतं करडू आईपासून तोडलंय, ते आवाजावरून ओळखायचो. मग ते विचारायचे, "भाई, आवाज बराबर आता क्या?" मी म्हणायचो, "आता है," आणि फोन बंद करायला सांगायचो.

भीती कशी असते? मला वाटायचं भीती छातीत असते. माझी भीती मनगटात होती. रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी मी लाल रेघ कुठवर आलीय ते मनात बघायचो. खरी बघायचं धाडस व्हायचं नाही.

चादरीखाली

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला मेंढरं घेऊन होते. निरोप मिळाला तसे आले. धोतर, पागोटं, वरून दवाखान्याचा निळा झगा. दुसऱ्या वेळी मी पोट धरून हसलो असतो. युसूफभाई दारात. कौसा माझ्या डाव्या बाजूला, डोक्यावर पदर, नजर खाली. आमच्यात धाकट्याची बायको भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, बोलत नाही. दादा समोर असले की तिचा आवाजच घरात नसतो. हे चांगलं की वाईट ते मी सांगत नाही, असं आहे एवढंच.

मॅडमनी सरळ सांगितलं. दोन्ही बोटं मेली आहेत. त्यात रक्त जात नाही, म्हणून औषधही जात नाही. जंतू तिथे आरामात बसलेत आणि तिथून वर चढतायत. आज दोन बोटं काढली तर उरलेल्यांशी त्या एका औषधाने लढता येईल. थांबलो तर पुढच्या वेळी मनगटाबद्दल बोलावं लागेल. किंवा बोलायला वेळ राहणार नाही.

"कापायचं न्हाई," दादा म्हणाले.

"दादा..."

"तू गप रे नामा. मेंढराचा पाय सडला तर आमी पाय तोडतो का? औषध भरतो, बांधतो, वाट बघतो. माणूस पुरा जन्मला, पुराच जावा. हैदराबादला नेऊ. तितं मोठे डाक्टर हायेत."

"हैदराबादला नेईपर्यंत..." मॅडम म्हणाल्या.

"बाई, तुमी लहान हाव. काहून घाई करून राहिल्या?"

युसूफभाई म्हणाले, "दादा, डाक्टरनी बराबर बोलून राहिल्या." दादांनी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

आणि मी? तुम्हाला वाटेल हा बोलघेवडा माणूस इथे काही मोठं बोलला असेल. मी भाव केला. "मॅडम, एकच बोट घ्या."

"काका, मी भाव करत नाही."

"दीड?"

"काका."

 दादा हैदराबादच्या गाडीचं बोलत होते, कोण सोबत येईल, कुठे उतरायचं. मी पंख्याकडे बघत होतो. मला कापायचं नव्हतं. ही दोन बोटं नसतील तर रुमालाखाली मी कोण? लोक हात पुढे करतील, आत हात घालतील, आणि तिथे काहीच नसेल. तेवढ्यात चादरीखाली माझ्या डाव्या हाताला रबराचा स्पर्श झाला.

कौसाने माझी दोन बोटं धरली. नुसती धरली नाहीत, आपल्याकडे ओढली.

मला वाटलं धीर देते आहे. पण तिने सोडलं आणि पुन्हा धरलं. तीच दोन, तर्जनी आणि मधलं. आणि आपल्याकडे ओढली, मागणारा ओढतो तशी. मग आपला पंजा माझ्या पंजावर सपाट ठेवला आणि थांबली. आमच्या बाजारात याचा एकच अर्थ आहे. माझा आकडा हा, आता तुमचं बोला.

कौसा कधी बाजारात आलेली नाही. बायकांना हे आकडे कुणी शिकवत नाही. मी मान वळवून तिच्याकडे बघितलं. पदर डोळ्यांपर्यंत, नजर फरशीवर. दादांना वाटत असेल भावजय मर्यादेने उभी आहे.

मी तिचं एक बोट धरलं. एकच.

तिने झटकलं. पुन्हा दोन. या वेळी इतकी जोरात की रबर करकरलं.

मी आयुष्यभर लोकांचे हात वाचले आहेत. कुणाला गरज आहे, कोण खोटं बोलतोय, कोण अजून एक पायरी उतरेल, ते सगळं हात सांगतो. चांगला दलाल आकडा सांगताना हात दगडासारखा ठेवतो. कौसाचा हात थरथरत होता. मोज्यातूनही कळत होतं. असा थरथरणारा हात मी शंभर वेळा पाहिला आहे आणि शंभर वेळा त्याला वाकवलं आहे. हा वाकत नव्हता. थरथरत होता, आणि दोनावरच होता.

मी तिचा हात दाबला.

"मॅडम," मी म्हणालो, "दोन घ्या."

दादा थांबले. "कोण म्हणलं?"

"मीच म्हणलो, दादा."

"आत्ता तर गप व्हता!"

"विचार करून राहिलो व्हतो."

दादांनी माझ्याकडे बघितलं, मग चादरीकडे. त्यांनीही उभा जन्म बाजार केला आहे. मला वाटतं त्यांना कळलं. त्यांनी पागोटं सारखं केलं आणि मॅडमना म्हणाले, "सही कुठं करायची?"

दादांची मागणी

ऑपरेशननंतर शुद्धीवर आलो तेव्हा दादा दारात सिस्टरशी वाद घालत होते. त्यांना बोटं हवी होती. आमच्याकडे माणसाचं काही काढलं तर ते आपल्या मातीत नेऊन पुरतात. दादांनी पांढरा कपडाही आणला होता.

मॅडम आल्या. म्हणाल्या, "आजोबा, ती जाळायला गेली. इथला नियम आहे."

"परक्या भट्टीत? माझ्या भावाची बोटं?"

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की जंतू मेला तरी त्याचं सामान मागे पडून राहतं. ती कृती लिहिलेला तुकडा मातीत, पाण्यात काही काळ टिकतो. शेजारून जाणारा दुसरा जिवंत जंतू तो उचलतो आणि आपल्यात घालून घेतो. "तुमच्या मेंढ्या जिथे चरतात तिथे ही बोटं पुरली, तर त्यांच्यासोबत ते सामानही जाईल."

दादांनी कपड्याची घडी केली. मेंढरांचं नाव आलं की दादांशी वाद संपतो.

मग ते माझ्याजवळ आले, खाटेच्या कडेला टेकले. "नामा," ते म्हणाले, "तुझी दोन तर पुढं गेली. जागा धरून ठिवतील तुझी."

"बराबर हाय," मी म्हणालो. "वर बाजार असंल तर भाव काढून ठिवतील."

दादा हसले आणि हसता हसता पागोट्याच्या शेमल्याने डोळे पुसत राहिले. मी त्यांना रडताना आधी कधी पाहिलं नव्हतं, वडील गेले तेव्हाही नाही.

इतरांसाठी

त्या राहिलेल्या औषधाने काम केलं. किडनी जरा कुरकुरली, मग सावरली. ताप उतरला तो दिवस मी झोपेत घालवला, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. लाल रेघ आधी कोपराखाली आली, मग मनगटाला, मग गेली. पहिल्यांदा हात उघडा पाहिला तेव्हा मला शिसारी आली. स्वतःच्या हाताची शिसारी येते, आणि ती जाते. ती जाईल हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगतो.

बाजारात आता मी डाव्या हाताने सौदे करतो. युसूफभाई म्हणतात, "भाई, आपका हात उलटा पढना पडता." लोक सवयीने उजवा हात पुढे करतात, मग थांबतात. तो क्षण दर वेळी बोचतो. मग मी काहीतरी बोलतो, ते हसतात, आणि काम पुढे जातं.

माझं सांगणं एवढंच. गोळ्या सुरू केल्या तर सांगितल्या तेवढ्या घ्या. उरवून शेजाऱ्याला देऊ नका, शेजाऱ्याच्या घेऊ नका. जनावराचं औषध जनावरालाच, तेही डॉक्टरला विचारून. आम्ही खिशातून खिशात गोळ्या फिरवत होतो आणि तिकडे जंतू त्यांची तोड फिरवत होते. त्यांचा बाजार आमच्यापेक्षा मोठा आहे, आणि तिथे सुट्टी नसते. आणि दवाखान्यात तुमच्या माणसाजवळ मोजे घालून बसा म्हटलं तर रागावू नका. मोज्यातूनही पुष्कळ सांगता येतं.

विचारलं शेवटी

घरी आल्यावर बरेच महिने मी कौसाला ते विचारलं नाही. का, ते मलाही माहीत नाही. एका दुपारी ती ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. मी समोर बसलो. तीन बोटांनी शेंग फोडायला शिकत होतो, दाणे सगळीकडे उडत होते.

"तुला आकडे कुणी शिकवले?" मी विचारलं. "युसूफनं?"

"त्यांनी काहून शिकवावं?"

"मंग?"

"तुमीच शिकवले."

"मी? कवा?"

तिने वर पाहिलं नाही. "झोपेत. बाजारून आले की माझा हात धरून रातभर बकरे विकून राहता. लग्न झालं तवा वाटलं, माया करून राहिले. मंग कळलं, भाव करून राहिले."

मी इतका हसलो की सुपातले दाणे सांडले. तीही हसली. "हात ओढून घेतला की घोरत घोरत शिव्या देता," ती म्हणाली. "दाबला की सौदा झाला म्हणून गप निजता. मंग मी दाबायला शिकले."

हसू ओसरल्यावर मी थोडा वेळ शेंगेशी झटत राहिलो. जे विचारायचं होतं ते अजून राहिलंच होतं.

"आन् आता?"

"आताबी धरता. उजव्यानंच."

"तीन बोटांनी?"

"तीनच येतात. बाकीची दोन तुमाला झोपेत हायेत असं वाटते. त्यांनीबी काहीतरी सांगून राहता."

"मंग तुला आकडा कसा कळतो?"

तिने माझ्या हातातली शेंग घेतली, सोलली आणि दाणे सुपात टाकले.

"न्हाई कळत," ती म्हणाली. "मी आपली हो म्हणते."